हरणाऱ्या टीमचा मालक

गल्लीत टीम पाडताना एक अलिखित नियम असतो. दोन्ही चांगले बॅट्समन एकाच बाजूला जाऊ द्यायचे नाहीत. गेले, तर पाचव्या ओव्हरलाच मॅच संपते, ज्याची बॅट असते तो ती काखेत मारून घरी जातो, आणि जिंकणाऱ्यांनाही मग भिंतीवर बॉल आपटत बसावं लागतं. हे आपल्याला कुणी शिकवत नाही. पण जिथे तिकिटं विकली जातात, खेळाडूंना पगार असतो आणि टीमचे मालक पैसेवाले असतात, तिथे हाच साधा नियम आणायला एका माणसाला आधी स्वतःचं जवळजवळ दिवाळं काढावं लागलं. त्याचं नाव बर्ट बेल. अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, हा एक कमिशनर. (हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून, अंड्याच्या आकाराचा बॉल छातीशी धरून एकमेकांवर आदळायचा, तो.)

बेलचा जन्म २५ फेब्रुवारी १८९५ चा, फिलाडेल्फियाचा. पाळण्यातलं नाव डी बेनेव्हिल बेल. आईकडचं हे खानदानी नाव त्याला अजिबात आवडायचं नाही, म्हणून तो आयुष्यभर बर्टच राहिला. वडील जॉन क्रॉमवेल बेल नामांकित वकील, पुढे पेनसिल्व्हेनिया राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल झाले. थोरला भाऊ वडिलांच्या वळणावर गेला. १९४७ साली तो एकोणीस दिवसांपुरता का होईना राज्याचा गव्हर्नर होता, आणि नंतर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा सरन्यायाधीश झाला. घरात एक मुलगा असा निघाला की दुसऱ्याला उनाडक्या करायला रान मोकळं मिळतं. बर्टने त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तो शिकायला गेला असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर तो खेळायला गेला. क्वार्टरबॅक म्हणून त्याच्या टीमने १ जानेवारी १९१७ ला रोझ बोलचा मानाचा सामना खेळला आणि ऑरेगॉनकडून १४-० हरली. मग पहिलं महायुद्ध आलं. बेल लष्करी हॉस्पिटलच्या तुकडीबरोबर फ्रान्सला गेला, परत आला, १९१९ साली कॉलेज टीमचा कॅप्टन झाला आणि १९२० मध्ये डिग्री न घेताच बाहेर पडला. आपल्यातल्या के.टी. वाल्यांनी नोंद घ्यावी.

पुढची बारा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. वडिलांच्या मालकीचं रिट्झ-कार्लटन हॉटेल सांभाळायचं, हिवाळ्याच्या तोंडाशी कॉलेजच्या टीमला असिस्टंट कोच म्हणून शिकवायचं, उरलेल्या वेळात घोड्यांवर पैसे लावायचे आणि दारू प्यायची. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला त्यातही त्याचे हात पोळले. मग फ्रान्सिस अप्टन नावाची ब्रॉडवेवरची अभिनेत्री त्याच्या आयुष्यात आली. तिने लग्नाला अट एकच घातली, दारू सोडायची. त्याने सोडली, ती कायमची. १९३४ च्या सुरुवातीला त्यांचं लग्न झालं. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्याने तिच्याकडून पैसे उसने घेऊन एक नवीन व्यसन विकत घेतलं होतं. फुटबॉलची टीम.

१९३३ साल म्हणजे महामंदीचा काळ. फिलाडेल्फियातली जुनी टीम बुडाली होती. तिची जागा बेल आणि त्याचा कॉलेजचा मित्र लड रे यांनी अडीच हजार डॉलर आणि जुन्या देण्यांची जबाबदारी अशा भावात घेतली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या उद्योग-पुनरुज्जीवन मोहिमेचं चिन्ह निळा गरुड होतं, त्यावरून टीमचं नाव ठेवलं ईगल्स. पेनसिल्व्हेनियात तेव्हा रविवारी सामने खेळायला कायद्याने बंदी होती, ती त्याच वर्षी उठली. नाव झालं, मैदान झालं, रविवार मिळाला. फक्त चांगले खेळाडू मिळेनात.

त्याचं कारण लीगच्या रचनेतच होतं. कॉलेज संपवून बाहेर पडणारा खेळाडू कुणाशीही करार करू शकत असे. साहजिकच तो जिथे पैसा आणि नाव जास्त तिथे जायचा, म्हणजे शिकागो बेअर्स, न्यूयॉर्क जायंट्स, ग्रीन बे पॅकर्स अशा ठिकाणी. चांगले खेळाडू म्हणून विजय, विजय म्हणून गर्दी, गर्दी म्हणून गल्ला, गल्ला म्हणून आणखी चांगले खेळाडू. दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कुणालाही हे सर्किट ओळखू येईल. पॉझिटिव्ह फीडबॅक. ऑप-अँपला तो दिला की आउटपुट सरळ सॅच्युरेशनला जाऊन चिकटतं. लीगचंही तसंच झालं होतं. १९३३ पासून १९४६ पर्यंत पूर्व विभाग फक्त दोनच टीम्सनी जिंकला, न्यूयॉर्कने आणि बॉस्टनहून वॉशिंग्टनला गेलेल्या रेडस्किन्सने. चौदा वर्षं, दोन नावं. आणि बेल खालच्या टोकाला चिकटलेला. पहिल्या तीन वर्षांत भागीदारीचे ८०-९० हजार डॉलर पाण्यात गेले.

१९३४-३५ च्या हिवाळ्यात मिनेसोटा विद्यापीठातला स्टॅन कोस्टका नावाचा धिप्पाड खेळाडू सगळ्यांनाच हवा होता. बेलही त्याच्या मागे लागला. त्याने आकडा वाढवला की दुसरा कुणीतरी वाढवायचा. शेवटी कोस्टका ब्रुकलिनच्या टीमकडे गेला, ५,००० डॉलरला. ज्या काळात बहुतेक खेळाडूंना सामन्यामागे शंभर-दीडशे डॉलर मिळायचे, त्या काळात हा आकडा. बेल हात हलवत परत आला. पण येताना डोक्यात एक कल्पना घेऊन आला.

मे १९३५ मध्ये मालकांची बैठक झाली. बेलने प्रस्ताव मांडला तो असा. दरवर्षी बाहेर पडणाऱ्या कॉलेज खेळाडूंची एक यादी करायची. गेल्या मोसमात जी टीम तळाला होती तिने पहिलं नाव उचलायचं, मग तिच्या वरच्या टीमने, असं करत विजेत्याने सगळ्यात शेवटी. मग पुन्हा पहिल्यापासून. ज्याने नाव उचललं त्यालाच त्या खेळाडूशी बोलणी करायचा हक्क, इतरांनी मध्ये पडायचं नाही. इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनला आपण जो कॅप राउंड पाहिला त्याच्या बरोबर उलटं. तिथे मेरिटला पहिला आलेला आधी निवडतो, इथे शेवटचा आलेला. याला नाव पडलं ड्राफ्ट.

मजा अशी की प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. बेलने हात वर केला यात नवल नाही, तो तळालाच होता. पण बेअर्सचा जॉर्ज हॅलस आणि जायंट्सचा टिम मारा यांनी का करावा? त्यांचं तर सगळं छान चाललं होतं. एक कारण शहाणपणाचं आहे. बेअर्सना खेळायला समोर कुणीतरी लागतंच, आणि समोरचा दर रविवारी तीस-चाळीस गुणांनी हरत असेल तर तिकीट कोण काढणार? कारखानदाराला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंद होतो. खेळातल्या मालकाला प्रतिस्पर्धी जगवावा लागतो, कारण त्याचा माल दोघांनी मिळूनच तयार होतो. दुसरं कारण तितकंसं शहाणपणाचं नाही. कोस्टकासाठी झाली तशी चढाओढ पुन्हा होणार नव्हती, म्हणजे पगार आपोआप खाली राहणार होते. समतेच्या नावाखाली मालकांचा खर्च वाचत होता. या दोन कारणांतलं कोणतं किती खरं हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझ्या मते दोन्ही, आणि म्हणूनच तो प्रस्ताव इतक्या पटकन मंजूर झाला.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ ला, बेलच्याच रिट्झ-कार्लटन हॉटेलात. फळ्यावर ९० नावं लिहिलेली. नऊ टीम, नऊ फेऱ्या, ८१ खेळाडू उचलले. तळाला असल्याचा पहिला मान बेलचा. त्याने शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचं नाव घेतलं, आदल्याच वर्षी सुरू झालेली हाइझमन ट्रॉफी पहिल्यांदा मिळवणारा हा खेळाडू. बर्वँगरने सामन्याला हजार डॉलर मागितले. बेलकडे कुठून येणार? त्याने हक्क हॅलसला देऊन टाकले. हॅलसकडे बर्वँगरने दोन वर्षांचे २५,००० मागितले. तेही जमलं नाही. बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल एकही सामना खेळला नाही, फोम रबरच्या धंद्यात गेला आणि चांगला सुखी झाला. त्या ८१ पैकी त्या वर्षी लीगमध्ये खेळले फक्त २४. बाकीच्यांना साधी नोकरी जास्त फायद्याची वाटली. आज ज्या कार्यक्रमाचं अमेरिकेत तीन दिवस थेट प्रक्षेपण चालतं त्याची सुरुवात ही अशी.

बेलला स्वतःला ड्राफ्टचा काय फायदा झाला? काहीच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच वर्षी भागीदारी मोडली, टीम लिलावात निघाली आणि बेलने ४,५०० डॉलरला ती एकट्याने घेतली. वेगळा कोच परवडेना म्हणून स्वतःच कोच झाला. १९३६ च्या मोसमात ईगल्स बारा सामने खेळले, एक जिंकले, अकरा हरले. पाच वर्षांत कोच म्हणून त्याचा हिशोब १० विजय, ४४ पराभव, २ बरोबरीत. तिकिटंसुद्धा तो स्वतः विकत फिरायचा. पुढे खेळाडू आणि टीम यांची एक विलक्षण अदलाबदल होऊन तो मित्र आर्ट रूनीबरोबर पिट्सबर्ग स्टीलर्सचा भागीदार झाला. १९४१ मध्ये तिथेही कोच झाला, पहिले दोन सामने हरला आणि स्वतःहून बाजूला झाला. युद्धात खेळाडू कमी पडले म्हणून १९४३ साली ईगल्स आणि स्टीलर्स एकत्र खेळले, लोकांनी नाव दिलं स्टीगल्स. १९४४ मध्ये स्टीलर्सची शिकागो कार्डिनल्सबरोबर जोडी लावली, ती दहाच्या दहा सामने हरली.

आणि ईगल्स? १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियन. त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू स्टीव्ह व्हॅन ब्युरेन हा १९४४ च्या ड्राफ्टमधून आलेला. नियम काम करायला बारा वर्षं लागली, आणि त्याने केलं तेव्हा टीम दुसऱ्याची होती.

ड्राफ्ट मिळाला म्हणजे अक्कल मिळते असं नाही, हेही सांगायला हवं. १९५५ मध्ये स्टीलर्सनी जॉनी युनायटस नावाच्या पोराला नवव्या फेरीत उचललं आणि मोसमाआधीच काढून टाकलं. तो बाल्टिमोरला जाऊन त्या काळातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक झाला. आपल्याकडे असलंच उदाहरण आहे. आयपीएलच्या २००८ च्या पहिल्या वर्षी मोठ्या खेळाडूंचा मुंबईत लिलाव झाला, टीमला ५० लाख डॉलरची मर्यादा घालून. पण अंडर-नाइन्टीनच्या मुलांसाठी ड्राफ्ट ठेवला होता. त्यात दिल्लीने आपल्याच गावच्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतलं. कोहली बंगलोरला गेला.

तर असा हा सतत हरणारा माणूस ११ जानेवारी १९४६ ला लीगचा कमिशनर झाला. खुर्चीवर बसून वर्ष होत नाही तोच डिसेंबरात अंतिम सामन्याच्या तोंडावर न्यूयॉर्कच्या दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचं प्रकरण बाहेर आलं. घोड्यांवर पैसे लावण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या बेलला सट्टेबाज कसा विचार करतो हे नीट ठाऊक होतं. त्याने पुढे दोघांनाही बेमुदत निलंबित केलं. त्याच वर्षी एक प्रतिस्पर्धी लीगही उभी राहिली. चार वर्षं खेळाडूंसाठी बोल्या लागत राहिल्या, खेळाडूंचं भलं झालं, मालक रक्तबंबाळ झाले. डिसेंबर १९४९ मध्ये तडजोड होऊन त्या लीगच्या तीन टीम एनएफएलमध्ये आल्या.

बेलचं मला सगळ्यात आवडतं काम म्हणजे वेळापत्रक. हे तो स्वतः, घरच्या जेवणाच्या टेबलावर डोमिनोच्या सोंगट्या मांडून तयार करायचा. मोसमाच्या सुरुवातीला दुबळ्या टीमला दुबळ्या टीमशी आणि तगड्याला तगड्याशी भिडवायचं. म्हणजे महिनाभराने गुणतक्त्यात कुणीच फार वर नाही आणि कुणीच फार खाली नाही. तोवर गावोगावच्या प्रेक्षकांना आपल्याला चान्स आहे असं वाटत राहतं आणि तिकिटं खपतात. यात थोडी हातचलाखी आहे. पण एक पैसा खर्च न करता चुरस वाढवण्याची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

मग टीव्ही आला. तोवर गल्ल्याची वाटणी ठरलेली होती, घरच्या टीमला साधारण ६० टक्के, पाहुण्यांना ४०. म्हणजे छोट्या गावची टीम न्यूयॉर्कला खेळायला गेली तरी भरलेल्या मैदानाचा वाटा घेऊन यायची. १९५० मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी घरचे सगळे सामने टीव्हीवर दाखवले आणि मैदानातली गर्दी जवळजवळ निम्म्यावर आली. बेलने लगेच नियम केला, ज्या गावात सामना त्या गावात तो टीव्हीवर नाही. सरकार कोर्टात गेलं. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाचे न्यायाधीश अ‍ॅलन ग्रिम यांनी बेलच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात दुबळ्या टीम्स जगल्या नाहीत तर लीगच जगणार नाही हे तत्त्व मान्य केलं. टीव्हीचा पैसा मात्र त्याच्या हयातीत टीम्स आपापला विकत होत्या. तो एकत्र करून समान वाटण्याचं काम त्याच्यानंतर आलेल्या पीट रोझेलने केलं. १९६१ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला, आणि सीबीएसने वर्षाला साडेसेहेचाळीस लाख डॉलर देऊ केले. ते चौदा टीम्समध्ये सारखे वाटले गेले, न्यूयॉर्कला जितके तितकेच लाखभर वस्तीच्याही आत असलेल्या ग्रीन बेला.

आता ज्यांच्या जिवावर हे सगळं चाललं त्यांच्याबद्दल. समान संधी टीमला मिळाली, खेळाडूला नव्हे. त्याला कुणी उचललं त्यात त्याचं मत नाही, आणि करार झाल्यावर टीम बदलायची सोय नाही. १९३४ ते १९४५ या काळात तर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ड्राफ्टमध्ये पहिलं कृष्णवर्णीय नाव उचललं गेलं ते १९४९ मध्ये, जॉर्ज टॅलिफेरोचं. तळातल्या टीमची काळजी वाहणाऱ्या मालकांना, बेल धरून, बारा वर्षं ही रिकामी जागा खुपली नाही. त्याचं चरित्र लिहिताना हे वगळलं तर हिशोब अर्धाच राहील.

डेट्रॉइटचा बिल रॅडोविच हा खेळाडू वडील आजारी म्हणून लॉस एंजेलिसला बदली मागत होता. मालकाने नकार दिला. तो १९४६ मध्ये त्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला आणि एनएफएलने त्याला काळ्या यादीत टाकलं. त्याने खटला भरला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. बेसबॉलला मिळालेली मक्तेदारी कायद्यातली सूट फुटबॉलला नाही. एका झटक्यात ड्राफ्टसकट सगळी इमारत हलली. संसदेच्या समितीपुढे बेलची उलटतपासणी झाली. तेव्हा मालकांच्या मर्जीविरुद्ध त्याने वर्षभरापूर्वी स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेला मान्यता देऊन टाकली. किमान पगार, दुखापत झाली तरी पगार अशा मागण्या पुढे सरकल्या, आणि १९५९ मध्ये पेन्शन योजनेसाठी त्याने मालकांना राजी केलं. कोर्टाच्या भीतीने केलं की मनापासून, कोण सांगणार? पण याच संघटनेमुळे पुढे ड्राफ्ट वाचला. १९७६ मध्ये एका खालच्या कोर्टाने तो बेकायदा ठरवला होता. तो टिकला तो खेळाडूंनी वाटाघाटी करून करारात त्याला संमती दिली म्हणून. १९९३ च्या करारात त्यांनी टीम बदलण्याचं स्वातंत्र्य मिळवलं आणि त्या बदल्यात पगाराची कमाल मर्यादा मान्य केली. १९९४ मध्ये ती टीममागे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये जवळजवळ २८ कोटी.

हे पाहायला बेल नव्हता. तब्येत बिघडलेली होती, आधी एकदा हार्ट अटॅक येऊन गेला होता, डॉक्टरांनी सामन्यांना जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. ११ ऑक्टोबर १९५९, रविवार. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर सामना होता, ज्या मैदानावर तो कॉलेजात असताना खेळला त्याच मैदानावर. ईगल्स विरुद्ध स्टीलर्स, त्याच्या दोन्ही जुन्या टीम. लीगचा कमिशनर असून तो मालकांच्या खास जागेत बसायचा नाही. स्वतःचं तिकीट काढून नेहमीच्या प्रेक्षकांत बसला होता. सामन्याची शेवटची दोनेक मिनिटं उरली होती, ईगल्स पुढे होते, आणि बेल जागेवरच कोसळला. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय ६४.

ईगल्सनी तो सामना जिंकला. पुढच्या वर्षी, १९६० साली, ते पुन्हा चॅम्पियन झाले.